डँपर दहावर, कंबर धरलेली: बडोद्यातील एका नवशिकीचे प्रकरण

रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हवण्याचे व्यायामयंत्र, सुरू करून तीन आठवडे झाले की दोन तक्रारी हमखास येतात. कंबर धरते, आणि स्क्रीनवरचा आकडा हलत नाही. बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते. ते कसे शोधायचे आणि कसे काढायचे हे इथे एका प्रकरणातून मांडले आहे. प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. नवशिक्यांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका एकाच बाईंभोवती गुंफल्या आहेत.

बाईंची परिस्थिती

वय ४६, उंची १५८ सेंमी, वजन ७१ किलो. बँकेच्या बॅक ऑफिसात दिवसाचे आठ तास खुर्चीत. रक्तदाब गोळीने काबूत, साखर सीमेवर, डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरणारा. डॉक्टरांचे म्हणणे एवढेच की गुडघा आपटेल असे काही नको, बाकी घाम गाळा. वासणा रोडवरच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कॉन्सेप्ट टूचे पंख्याचे रोइंग मशीन कोपऱ्यात पडून होते. ट्रेडमिलसाठी रांग लागायची, याच्याकडे कुणी फिरकत नसे. तिथल्या मुलाने सल्ला दिला, "बेन, दस पर राखो, तो ज चरबी ऊतरशे." बाईंनी बाजूचा खटका, म्हणजे डँपर, दहावर नेला आणि श्रावणात सुरुवात केली. रोज २० मिनिटे, आठवड्याचे सहा दिवस.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नोंद अशी होती: मिनिटाला ३३ स्ट्रोक (एक स्ट्रोक म्हणजे एक पूर्ण ओढ आणि परत), ५०० मीटरला ३:०२ म्हणजे तीन मिनिटे दोन सेकंद, वीस मिनिटांत सुमारे ३,३०० मीटर. पहिल्या दिवशी हाच वेग ३:०६ होता, म्हणजे अठरा दिवसांच्या कष्टाची कमाई चार सेकंद. सोबत पट्ट्याच्या रेषेत कंबरेला बोथट दुखणे, सकाळी उठताना सर्वांत जास्त. डाव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका, दोन्ही अनामिकांच्या मुळाशी फोड, आणि दहाव्या मिनिटानंतर पायाच्या बोटांना मुंग्या.

आधी डॉक्टरांचा प्रश्न निकालात

कंबरदुखी घेऊन आलेल्या माणसाला लगेच व्यायाम सुधारून देणे हा घाईचा मार्ग. दुखणे नितंबातून खाली पायात उतरते का, एखादा पाय बधिर किंवा कमजोर वाटतो का, लघवी-शौचावरचा ताबा बदलला का, ताप आहे का, रात्री कूस बदलताना झोपमोड होते का, हे आधी विचारायचे. यातले एकही 'हो' आले तर मशीन बंद आणि डॉक्टरांकडे. बाईंची सगळी उत्तरे 'नाही' होती. मुंग्यांनी थोडा घोटाळा केला, पण त्या फक्त बोटांत होत्या, दोन्ही पायांत होत्या आणि पायाचे पट्टे सोडल्यावर दोन मिनिटांत जायच्या. म्हणजे पट्टा करकचून आवळलेला, नसेचा प्रश्न नाही. छाती दुखणे, चक्कर, श्रमाच्या मानाने जास्त धाप यांचीही चौकशी केली. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाबाबत हे प्रश्न सुटता कामा नयेत.

मग सहा दिवस मशीन बंद. पूर्ण विश्रांती मात्र नाही. कमाटी बागेत रोज अर्धा तास सपाटीवर चालणे. आठवड्याभरात सकाळचे आखडणे निम्म्यावर आले. दुखणे स्नायूंच्या थकव्याचे असावे, या तर्काला त्याने बळ मिळाले.

फोन जमिनीजवळ ठेवून

रोइंगच्या चुका समोरून दिसत नाहीत. फोन बरोबर बाजूला, तीन मीटर लांब, सीटच्या उंचीवर ठेवायचा आणि स्लो मोशनमध्ये दोन मिनिटे चित्रीकरण करायचे. पहिली तीस सेकंदे माणूस कॅमेऱ्यासाठी नीट वागतो, ती सोडून द्यायची.

एका स्ट्रोकचे चार टप्पे. कॅच म्हणजे पुढचे टोक, नडग्या उभ्या, हात सरळ, धड कुल्ल्याच्या सांध्यातून थोडे पुढे कललेले. ड्राइव्ह म्हणजे ढकल: आधी पाय, पाय जवळजवळ सरळ झाल्यावर धड मागे, शेवटी हात. फिनिशला हँडल बरगड्यांच्या खालच्या कडेशी, धड जरासे मागे. घड्याळात बारा वाजता उभे धरले तर मागचा कल अकरा, पुढचा एक. रिकव्हरी म्हणजे नेमका उलटा क्रम: हात, धड, मग गुडघे. ढकलीला जेवढा वेळ, परतीला त्याच्या साधारण दुप्पट. जोरातला मोठा वाटा पायांचा, हातांचा सर्वांत कमी.

बाईंच्या चित्रफितीत परतीच्या वेळी गुडघे आधी वर येत होते. हँडल त्यांच्यावर आपटू नये म्हणून त्या ते उचलून, उडी मारल्यासारखे पुढे नेत होत्या. पुढे पोचेपर्यंत धड कललेलेच नसे. मग शेवटच्या क्षणी हात आणखी पुढे न्यायला कंबर गोल करून झेप. नडग्या उभ्या रेषेच्या पुढे गेलेल्या, टाचा चार बोटे उचललेल्या, गुडघा पूर्ण मिटलेला. ठणक्याचे कारण इथेच होते. त्या स्थितीतून पाय ढकलले की सीट मागे पळे आणि हँडल जागेवरच राही. पाय सरळ होऊन जात, साखळी जेमतेम हललेली असे, आणि उरलेला सगळा भार गोल झालेल्या कंबरेने उचलला जाई. मिनिटाला ३३ वेळा, २० मिनिटे. म्हणजे एका बैठकीत ६६० वेळा.

बाईंच्या सासऱ्यांनी तरुणपणी प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घाम गाळलेला. त्यांनी ती फीत पाहून एकच वाक्य टाकले: "सूनबाई, बैठकीतून उठताना आधी कुल्ले वर आणि छाती मागाहून, असं कोणी उठतं का?" निदान याहून नेमके होणार नाही. दंडबैठकांतल्या बैठकीतही कुल्ले आधी उठले की पायांचे काम कंबरेच्या गळ्यात पडते.

खात्रीसाठी मॉनिटरची मदत घेतली. डिस्प्ले बटण दाबत गेले की जोराचा आलेख येतो, प्रत्येक स्ट्रोकला एक वक्र. नीट स्ट्रोकचा वक्र एका टेकडीसारखा असतो. बाईंचा दोन मदारींच्या उंटासारखा होता: छोटी मदार पायांची, मग खड्डा, मग मोठी मदार पाठीची. सीट पळते आहे हे ओळखायला इतकी स्वस्त खूण दुसरी नाही, आणि बहुतेक लोक ती स्क्रीन कधी उघडतच नाहीत.

दहाचा आकडा

डँपर हा वजनाचा खटका नाही. ती पंख्याच्या डब्याची खिडकी आहे. जास्त उघडली की जास्त हवा आत, पंखा दोन स्ट्रोकच्या मध्ये जास्त मंदावतो, आणि पुढच्या स्ट्रोकला त्याला मंद गतीतून पुन्हा पळवावे लागते. ते जड लागते, सायकलच्या मोठ्या गिअरसारखे. पण पंखा किती वेगाने मंदावतो हे मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकला मोजतो आणि त्यावरूनच वेग काढतो. म्हणून दहावर ओढल्याने आकडा फुकट सुधारत नाही. सुरुवातीचा जडपणा मात्र नवशिक्याच्या कंबरेला नको असतो, आणि पाय तो टाळून मोकळ्या दिशेला, म्हणजे सीटसकट मागे, पळतात.

खरा आकडा ड्रॅग फॅक्टरचा, म्हणजे पंखा किती वेगाने मंदावतो त्याचा. मॉनिटरवर मोअर ऑप्शन्समध्ये डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर निवडून पाच-सहा स्ट्रोक मारले की दिसतो. दहावर १९० च्या आसपास आला. बाईंच्या बांध्याच्या नवशिक्या स्त्रीला १०० ते ११५ पुरे. बहुतेक पुरुषांनाही ११० ते १३० च्या वर जायचे कारण नसते. खटका चारवर आणला तर ९२. चारवर इतका कमी म्हणजे पंख्याच्या जाळीत धूळ. व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ केल्यावर त्याच चारवर ११२ आला. म्हणून जिममधला 'चार' आणि घरचा 'चार' एक नसतात. खटक्याचा आकडा पाठ न करता ड्रॅग फॅक्टर पाहायचा.

त्याच दिवशी साखळीही पाहिली. पावसाळ्यातली दमट हवा आणि सहा महिने तेल नाही, त्यामुळे ती खरखरत होती. साधे मशीन ऑइल चमचाभर कागदी रुमालावर घेऊन साखळीच्या लांबीभर फिरवायचे आणि जास्तीचे पुसायचे. दर ५० तासांच्या वापराला एकदा. सीटच्या रुळावर घामाची काळी पुटे होती. ती ओल्या फडक्याने रोज निघतात, नाहीतर सीट अडखळते आणि माणूस आपल्याच गुडघ्यांना दोष देतो.

(तळमजल्यावर मशीन असणाऱ्यांसाठी एक जोड. विश्वामित्री नदीचे पाणी चढायच्या बातम्या आल्या की हे मशीन वर न्यावे; मधला खटका मोकळा केला की ते दोन भागांत सुटते. वजन सगळे मिळून २६ किलो. दोन माणसे पाच मिनिटांत वर नेतात.)

पाय, पट्टा, मूठ

पाय ठेवायच्या पाटीवर टाचेचा तुकडा वरखाली सरकतो. बाईंचा सर्वांत वर होता, म्हणून पट्टा पावलाच्या मध्यावरून जायचा आणि पाय उंच राहायचे. पाय जितके उंच तितके पुढे वाकायला मांडीमागची शिर जास्त लांबावी लागते. ती तेवढी लांबत नसेल तर कंबर गोल होते. तुकडा दोन भोके खाली घेतला. पट्टा आता बोटांच्या मुळाशी, जिथे चप्पल दुमडते तिथे आला. घट्टपणा एवढाच की खालून एक बोट सरकावे. मुंग्या त्याच दिवशी थांबल्या. जाड गादीचे रनिंग शूज काढून सपाट तळाचे बूट घातले. मऊ तळ ढकलीचा जोर खातो.

फोड मुठीमुळे. हँडल आवळायचे नसते, बोटांच्या आकड्यांना अडकवायचे असते, बादलीची कडी धरतात तसे. मनगट सपाट, अंगठा सैल. हातमोजे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्याने मूठ जास्तच आवळली जाते, म्हणून टाळले. फोड फोडायचे नाहीत, चिकटपट्टी लावायची, दोन आठवड्यांत कातडी टणक होते.

श्वासाचे एक. बाई ढकलताना श्वास रोखत होत्या. रोखलेल्या श्वासाने रक्तदाब उसळतो, आणि गोळी चालू असताना ते अजिबात नको. ढकलताना सोडणे, परतीला घेणे.

काठी, मग मशीन

मशीनवर बसवण्याआधी कंबर न वाकवता कुल्ल्यातून वाकणे शिकवावे लागले. साधी लाकडी काठी पाठीमागे उभी धरायची: डोक्याचा मागचा भाग, खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर, अशा तीन जागी टेकलेली. गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागे ढकलत पुढे वाकायचे. तिन्हींपैकी एक जागा सुटली की तिथेच थांबायचे, तेवढाच आपला आजचा पल्ला. दहा-दहाच्या दोन फेऱ्या रोज. पहिल्या दिवशी बाईंची काठी वीतभर वाकण्याआधीच सुटली.

नंतर मशीनवर प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक ठरलेली चढण: दहा स्ट्रोक फक्त हात, दहा हात आणि धड, दहा अर्ध्या सरकेपर्यंत, मग पूर्ण. त्यावर दोन कसरती. पहिली थांब्याची. परतीला हात गुडघ्यांच्या पुढे गेले, धड पुढे कलले, पाय अजून सरळ, इथे पूर्ण एक सेकंद थांबायचे आणि मगच गुडघे मोडायचे. उडी मारणारे हँडल याच एका सेकंदाने सरळ रेषेत येते, आणि कॅचपर्यंत धड तयार झालेले असल्याने शेवटची झेप उरत नाही. दुसरी फक्त पायांची. हात सरळ, धड पुढे कललेले तसेच गोठवून, सीट अर्धी मागे जाईपर्यंत नुसते ढकलायचे. सीट एक वीत गेली तर हँडलही एक वीत आले पाहिजे. सीट पळत असेल तर इथे लपायला जागाच नसते.

दुसरी कसरत तीन दिवस जमली नाही. 'पोट घट्ट धरा' म्हटल्यावर बाई श्वास रोखायच्या. 'हँडलला लोंबकळा' म्हटल्यावर जमले. सूचना माणसागणिक बदलून पाहाव्या लागतात.

कार्यक्रम

आठवड्याला सहाऐवजी तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. गणेश विसर्जनानंतरच्या सोमवारपासून.

पहिला आठवडा: ४ मिनिटांच्या चार खेपा, मध्ये २ मिनिटे विश्रांती, मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक. दुसरा: ५ मिनिटांच्या चार. पुढे ७ मिनिटांच्या तीन, मग १० मिनिटांच्या दोन, मग सलग २०. जोर किती हे बोलण्यावर ठरवले: पूर्ण वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. नाडीचा अंदाज हवा असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा. बाईंसाठी १७६, आणि त्याच्या ६५ ते ७५ टक्के म्हणजे ११४ ते १३२. काही रक्तदाबाच्या गोळ्या नाडीच दाबून ठेवतात, तेव्हा बोलण्याची कसोटीच खरी.

वीसच स्ट्रोक म्हटल्यावर बाई नाराज झाल्या. हा व्यायाम आहे की झोपाळा, असा त्यांचा सूर होता. उत्तर आकड्यांतच आहे. आधी वीस मिनिटांत ६६० स्ट्रोकला ३,३०० मीटर, म्हणजे स्ट्रोकमागे ५ मीटर. दुसऱ्या आठवड्यात २२ च्या गतीला वेग ३:०४, म्हणजे जवळजवळ तोच, पण स्ट्रोकमागे ७.४ मीटर. एक तृतीयांश स्ट्रोक वाचले आणि त्याच्या मोबदल्यात फक्त दोन सेकंद गेले. पाण्यावरचे नावाडीही असेच घडतात. चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले. ती शर्यत २,००० मीटरची, आणि तिथे स्ट्रोकची गती बरीच वर जाते; पण त्या पातळीच्या नावाड्यांच्या सरावातले बहुतेक अंतर १८ ते २० च्या संथ गतीनेच कापले जाते.

तिसऱ्या आठवड्यात नवरात्र आले. बडोद्यात नऊ रात्री गरबा आहे आणि मी येणार नाही, असे सांगणारी बाई शोधावी लागेल. रात्री तीन-तीन तास टाचा आणि पोटऱ्यांवर नाचून सकाळी रोइंग केले की गुडघा बोलणारच. त्या नऊ दिवसांत १२ मिनिटांच्या दोनच सौम्य बैठका ठेवल्या, आणि दसऱ्यानंतर जिथे सोडले तिथून न धरता दुसऱ्या आठवड्याचेच काम पुन्हा केले. ही एक पायरी मागे येणे लोकांना पटत नाही. दुखापतीचा धोका मात्र सुट्टीनंतरच्या सुरुवातीच्या बैठकांतच असतो.

स्क्रीनवरच्या कॅलरींविषयी. मशीन त्या ७९ किलोच्या माणसासाठी मोजते आणि त्यात अंगाचा नुसता बसल्या जागचा खर्चही धरते. बाईंच्या ३:०२ च्या वीस मिनिटांना मशीन १६७ दाखवते. त्यांच्या वजनाला हिशेब साधारण १५५ चा. त्या भरवशावर सेवउसळीवर दुसरा पाव घेऊ नये.

आणि वेगाचा आकडा हळू का सुधारतो, तेही सांगायला हवे, कारण निराशा तिथूनच येते. लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ३:०० ला ६० वॉट लागतात, २:३० ला १०४. वेळेत तीस सेकंदांची घट दिसते, ताकद पाऊण पटीने वाढवावी लागते.

दहाव्या आठवड्याची नोंद

सलग ३० मिनिटे, मिनिटाला २० स्ट्रोक, वेग २:५०, अंतर सुमारे ५,३०० मीटर. स्ट्रोकमागे ८.८ मीटर. ताकद ५८ वॉटवरून ७१ वर. कंबर दोनदा कुरकुरली: एकदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे सामान उतरवल्यावर, एकदा चढण न करता थेट बसल्यावर. दोन्ही वेळा तीन दिवसांत थांबली. वजन दीड किलोच उतरले. बाईंना ते कमी वाटले, दहा आठवडे आणि मध्ये दिवाळीचा फराळ पाहता ते ठीकच आहे. गुडघ्याच्या पुढचा ठणका गेला, पण जिन्यावरची कुरकुर आहे तशीच आहे. रोइंगमध्ये अंगाचे वजन सीटवर असते. जिना उतरताना ते गुडघ्याला पेलावे लागते. ती ताकद वेगळी कमवावी लागते, आणि त्यासाठी भिंतीला टेकून अर्ध्या बैठका सुरू केल्या आहेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गती २४ च्या वर नेली की आलेखात दुसरी मदार परत डोके काढते, पहिल्या मिनिटात नाही, दुसऱ्याच्या सुरुवातीला. म्हणून आठवड्यातून एकदाच, २४ ते २६ च्या गतीने एक-एक मिनिटाच्या सहा खेपा, मध्ये दोन मिनिटे सौम्य वल्हवणे. मदार दिसली की ती खेप तिथेच सोडायची. सध्या सहापैकी चार खेपा एका टेकडीच्या निघतात.